देवळालीचे गणिती शिक्षक कै. द. रा. कापरेकर

शिष्यवृत्तीची परीक्षा असो, की पुढे मोठेपणी द्यावयाची पोलीसभरतीची परीक्षा असो, बुद्धिमत्ता चाचणीच्या प्रश्नपत्रिकेत संख्यामालिकेचा प्रश्न आल्यावाचून राहत नाही. पाच-सहा संख्या ओळीने मांडलेल्या असतात, शेवटी प्रश्नचिन्ह असते, खाली चार पर्याय दिलेले असतात आणि घड्याळाचा काटा पुढे सरकत असतो. आपल्या कोरपना तालुक्यात कापसाच्या शेतात किंवा सिमेंटच्या कारखान्यात राबणारे आईबाप मुलांच्या मार्गदर्शक पुस्तकांसाठी पोटाला चिमटा घेऊन पैसे बाजूला काढतात. अशा घरी एकेका गुणाचे मोल काय असते हे निराळे सांगावयास नको. म्हणून बहुतेक विद्यार्थी असल्या मालिकांची उत्तरे घोकून ठेवण्याची खटपट करतात. परंतु ह्याच मालिकांच्या ठिकाणी ज्यांस आयुष्यभर पुरेल एवढा आनंद सापडला, असे एक शाळामास्तर आपल्या महाराष्ट्रात होऊन गेले. त्यांनी मालिकांची उत्तरे शोधली नाहीत, तर मालिकाच शोधल्या. त्यांचे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. त्यांचे चरित्र घटनांनी गजबजलेले नाही. त्यात लढाया नाहीत, परदेशगमन नाही, मानाची पदे नाहीत. जे आहे ते पुढे सांगितले आहे.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. डहाणू हे अरबी समुद्राच्या काठचे गाव त्या वेळी ठाणे जिल्ह्यात मोडत असे. हल्ली ते पालघर जिल्ह्यात आहे. दत्तात्रय आठ वर्षांचा असतानाच त्याची आई वारली आणि मुलाच्या संगोपनाचा सारा भार वडिलांवर आला. वडील पेशाने कारकून. त्यांस फलज्योतिषाचा मोठा नाद होता. ज्योतिष खरे की खोटे हा वाद येथे नको. मात्र कुंडली मांडावयाची म्हणजे आकडेमोड आलीच, आणि आईविना वाढणाऱ्या त्या मुलास वडिलांच्या सहवासात आकड्यांची गोडी लागली ती जन्माची. कित्येक मुलांस आकड्यांची भीती घरूनच मिळते. ह्या मुलास प्रीती मिळाली. माध्यमिक शिक्षणासाठी तो ठाण्याच्या शाळेत गेला. गणिती कोडी सोडविण्यात तासन् तास घालविण्याची सवय त्यास ह्याच वयात जडली.

पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. रँग्लर परांजपे ह्यांचे नाव तुमच्यापैकी कित्येकांनी ऐकले असेल. केंब्रिज विद्यापीठाच्या गणिताच्या परीक्षेत १८९९ साली सर्वप्रथम येण्याचा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. गणितातील स्वतंत्र लिखाणाबद्दल त्यांच्या नावे दिले जाणारे पारितोषिक कापरेकरांनी १९२७ साली पटकाविले. स्वतंत्र हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. दुसऱ्याने घातलेली उदाहरणे अचूक सोडविणारे विद्यार्थी त्या काळीही पुष्कळ होते, परंतु हे पारितोषिक तेवढ्यासाठी नव्हते. १९२९ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची बी. एस्‌सी. ही पदवी घेतली आणि त्यांचे औपचारिक शिक्षण तेथेच थांबले. पुढील पदवी त्यांनी घेतली नाही; संशोधन कसे करावे हे शिकविणारा कोणी गुरूही त्यांस लाभला नाही.

पदवीनंतर त्यांनी नाशिकजवळील देवळाली येथे शाळेत शिक्षकाची नोकरी धरली आणि १९६२ साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, ते तेथूनच निवृत्त झाले. देवळाली हे लष्करी छावणीचे गाव. तेथे विद्यापीठ नव्हते आणि गणितावर चार शब्द बोलावयास बरोबरीचा सोबती मिळणेही कठीण होते. दिवसा शाळेत मुलांस व्याज, त्रैराशिक व भूमिती शिकवावी आणि उरलेला वेळ कागदपेन्सिल घेऊन अंकांच्या संगतीत घालवावा, असा त्यांचा तीस वर्षांहून अधिक काळचा क्रम होता. गणकयंत्र त्यांच्यापाशी नव्हते. जे काही केले ते सारे हाताने.

आता त्यांनी नेमके काय केले ते पाहू. वाचकांनी हाती पेन्सिल घेतल्यास बरे.

१, २, ४, ८, १६ ह्या मालिकेत पुढे कोणती संख्या यावी? वर्गातील कोणताही मुलगा तत्काळ ३२ असे म्हणेल, कारण प्रत्येक संख्या मागच्या संख्येच्या दुप्पट दिसते. परंतु कापरेकरांच्या एका मालिकेत १६ नंतर २३ येतात. त्यांचा नियम असा की, प्रत्येक संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवावयाची. १ मध्ये १ मिळविला म्हणजे २. २ मध्ये २ मिळविले म्हणजे ४. मग ८ आणि १६. येथवर दुपटीचा नियम व हा नियम हातात हात घालून चालतात. १६ ह्या दोन अंकी संख्येच्या अंकांची बेरीज १ अधिक ६, म्हणजे ७. म्हणून पुढील संख्या २३. तिच्या पुढे २८, ३८, ४९, ६२, ७०, ७७, ९१ अशी ती मालिका चालत राहते. ह्यात परीक्षार्थ्यांनी घेण्याजोगे पुष्कळ आहे. पाच संख्या एका नियमात बसल्या म्हणून सहावी बसेलच असे नाही. त्याच पाच संख्या दुसऱ्या एखाद्या नियमातही बसू शकतात. चार पर्यायांत ३२ असेल तर खुशाल ३२ लिहावे, कारण परीक्षक सर्वांत साधा नियमच मनात धरून बसलेला असतो. परंतु ३२ नसून २३ असेल, तर प्रश्न चुकीचा छापला असे समजून पुढे जाऊ नये.

ह्याच मालिकेचा मधला तुकडा घ्या: १६, २३, २८, ३८. शेजारच्या संख्यांतील फरक ७, ५ आणि १० निघतात. ह्या फरकांस काही क्रम दिसत नाही, म्हणून मुले गोंधळतात. अशा वेळी प्रथम फरक काढावेत. ते सरळ न दिसल्यास फरकांचे फरक काढावेत. मग एक संख्या दुसरीच्या किती पट आहे ते पाहावे. एक आड एक अशा दोन मालिका एकमेकींत गुंफलेल्या तर नाहीत ना, हेही पाहावे. आणि एवढ्याने भागले नाही, म्हणजे संख्येचे अंक सुटे करून पाहावेत. १६ चे अंक मिळून ७, २३ चे मिळून ५, २८ चे मिळून १०. हे एकदा दिसले की ३८ नंतर ४९ येणार हे बोटावर सांगता येते. संख्येकडे तिच्या अंकांच्या वाटेने पाहण्याची ही दृष्टी म्हणजेच कापरेकरांची सारी मिळकत होती.

येथपर्यंतचे एखाद्या हुशार मुलासही सुचू शकेल. कापरेकरांनी त्यापुढे जो प्रश्न स्वतःस घातला, तो मात्र कोणत्याही प्रश्नपत्रिकेत नव्हता. २३ ही संख्या १६ पासून निर्माण झाली, तेव्हा १६ ही तिची जनक संख्या झाली. मग प्रत्येक संख्येस असा जनक असतो काय? २१ चा जनक १५ आहे, कारण १५ मध्ये १ आणि ५ मिळविले की २१ होतात. १०० चा जनक ८६ आहे. १०१ ला तर दोन जनक आहेत, ९१ आणि १००. पण २० चा जनक शोधू लागल्यास तो सापडत नाही. एक अंकी संख्या आपल्या दुपटीपर्यंतच पोहोचतात, म्हणजे फार तर १८ पर्यंत. १० ते १४ ह्या संख्यांपासून ११, १३, १५, १७ आणि १९ मिळतात. आणि १५ पासून एकदम २१ निघतात. २० मध्येच राहून जातात. अशा जनक नसलेल्या संख्यांस कापरेकरांनी स्वयंभू अशा अर्थाचे नाव दिले आणि आपल्या गावावरून त्यांस देवळाली संख्या असेही म्हटले. हे संशोधन १९४९ चे.

स्वयंभू संख्यांची यादी करून पाहिल्यास तीही एक नमुनेदार मालिका ठरते. १, ३, ५, ७, ९ ह्यांच्या पुढे २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७ आणि १०८. म्हणजे ९ पासून पुढे दर वेळी ११ ची भर पडत जाते. नऊ वेळा हा नियम बिनचूक चालल्यावर कोणीही ११९ लिहील. परंतु ११९ चा जनक १०९ आहे. १०८ नंतरची स्वयंभू संख्या ११० निघते, म्हणजे भर केवळ २ ची, आणि त्यापुढे १२१, म्हणजे पुन्हा ११ ची. नियम मोडतो आणि पुन्हा जुळतो. तो का मोडतो हे शोधण्यातच कापरेकरांच्या रात्री जात असाव्यात. ह्या विषयावर त्यांनी १९६३ साली देवळालीहून स्वतःच एक पुस्तिका छापून प्रसिद्ध केली. जिज्ञासूंनी पडताळून पाहावे, १९६३ ह्या संख्येसही जनक नाही.

त्यांच्या नावाने जगभर ओळखली जाणारी संख्या मात्र ६१७४ ही होय. तिची कथा सांगावयाची तर कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, फक्त तिचे चारही अंक सारखे नसावेत. तेच अंक उतरत्या क्रमाने मांडून मोठ्यात मोठी संख्या करावी, चढत्या क्रमाने मांडून लहानात लहान करावी आणि मोठीतून लहान वजा करावी. उत्तर तीन अंकी आल्यास पुढे शून्य मांडून चार अंक पुरे करावेत. उत्तरावर पुन्हा तीच क्रिया करावी. कापरेकरांचे जन्मवर्षच घेऊ. १९०५ पासून ९५१० उणे ०१५९, बाकी ९३५१. मग ९५३१ उणे १३५९, बाकी ८१७२. मग ८७२१ उणे १२७८, बाकी ७४४३. मग ७४४३ उणे ३४४७, बाकी ३९९६. मग ९९६३ उणे ३६९९, बाकी ६२६४. मग ६६४२ उणे २४६६, बाकी ४१७६. आणि शेवटी ७६४१ उणे १४६७, बाकी ६१७४. आता ६१७४ वर तीच क्रिया केली तर ७६४१ उणे १४६७ हीच वजाबाकी पुन्हा येते आणि ६१७४ च उरतात. येथे आलेली संख्या येथून हालत नाही. कोणत्याही चार अंकी संख्येपासून निघा, फार तर सात पावलांत ह्या ठिकाणी येऊन पोहोचता. कापरेकरांच्या जन्मवर्षास पुरती सात पावले लागली, हा केवळ योगायोग.

गडचांदूर आणि आवारपूरकडून सिमेंट भरून निघालेल्या मालमोटारी कोरपन्याच्या मुलांनी पाहिलेल्या असतातच. त्यांच्या पाठीवर एम. एच. ३४ च्या पुढे बहुधा चार आकडे असतात. रस्त्याच्या कडेला एस. टी. ची वाट पाहत उभे असताना ह्यापेक्षा बरी करमणूक आम्हांस ठाऊक नाही. एका मुलाने एका गाडीचा आकडा घ्यावा, दुसऱ्याने दुसऱ्या गाडीचा, आणि कोण किती पावलांत ६१७४ ला पोहोचतो ते पाहावे.

ही जादू नव्हे, आणि तिचे कारण समजून घेणे आठवी-नववीच्या मुलास अवघड नाही. चार अंक उतरत्या क्रमाने मांडले, म्हणजे वजाबाकीत दोनच गोष्टींचा संबंध उरतो. पहिली, सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांतील फरक. दुसरी, मधल्या दोन अंकांतील फरक. पहिल्या फरकास ९९९ ने आणि दुसऱ्यास ९० ने गुणून बेरीज केली की बाकी मिळते. १९०५ मध्ये सर्वांत मोठा अंक ९ व लहान ०, फरक ९. मधले अंक ५ व १, फरक ४. नऊ वेळा ९९९ म्हणजे ८९९१ आणि चार वेळा ९० म्हणजे ३६०. बेरीज ९३५१, वर आली तीच. आता पहिला फरक १ पासून ९ पर्यंतच असू शकतो आणि दुसरा त्याहून मोठा असू शकत नाही. अशा जोड्या मोजल्यास एकंदर ५४ भरतात. म्हणजे हजारो संख्या पहिल्याच पावलात अवघ्या ५४ ठिकाणी येऊन गोळा होतात. पुढे त्या ५४ जणांची वाट तपासणे एवढेच काम राहते, आणि ते एका संध्याकाळी हाताने होण्यासारखे आहे. तीन अंकी संख्यांस हीच क्रिया लावली तर सर्व ४९५ ह्या संख्येशी येऊन थांबतात. दोन अंकी संख्यांस मात्र असा एकच मुक्काम नाही. त्या ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९ अशा घाण्याच्या बैलाप्रमाणे फिरत राहतात.

६१७४ चा हा गुण कापरेकरांनी १९४९ साली मद्रास येथे भरलेल्या गणित परिषदेत मांडला. न्यूयॉर्कच्या स्क्रिप्टा मॅथेमॅटिका ह्या नियतकालिकातून त्यावरील त्यांचे टिपण १९५५ साली प्रसिद्ध झाले. तथापि एवढ्याने त्यांचा मानमरातब वाढला, असे कोणी समजू नये. आपल्या देशातील कित्येक गणितज्ञ त्यांस हसत. हे गणित नव्हे, हा आकड्यांचा खेळ आहे, असे त्यांचे मत होते. नामांकित नियतकालिके त्यांचे लेख सहसा घेत नसत. म्हणून त्यांनी आपले बरेचसे लिखाण लहान लहान पुस्तिकांच्या रूपाने छापले. त्यांवर प्रकाशक म्हणून लेखकाचेच नाव व देवळालीचाच पत्ता असे. शाळामास्तराच्या पगारातून छापखान्याचे बिल भागविणे म्हणजे काय, ह्याची कल्पना आमच्या वाचकांपैकी ज्या घरी एकाच पगारावर चूल पेटते त्यांस सहज येईल.

टीकाकारांचे म्हणणे सर्वस्वी खोटे होते असे आम्हांस वाटत नाही. श्रीनिवास रामानुजन ह्यांस पुढे आणणारे इंग्लंडचे थोर गणिती हार्डी ह्यांनी १९४० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या एका छोट्या पुस्तकात असल्या चमत्कारांची दोन उदाहरणे दिली आहेत. ८७१२ ही संख्या तिच्या उलट्या संख्येच्या, म्हणजे २१७८ च्या, चौपट आहे. आणि ९८०१ ही १०८९ च्या नऊपट आहे. ही उदाहरणे देऊन त्यांनी असा निर्वाळा दिला आहे की, असल्या गोष्टी वर्तमानपत्रांतील कोड्यांच्या सदरास शोभतील, गणितज्ञास त्यांत घेण्यासारखे काही नाही. ह्याचे कारणही समजण्याजोगे आहे. आपण दहाच्या पटीने संख्या लिहितो म्हणून ६१७४ ला हा मान मिळाला. आठाच्या पटीने लिहीत असतो तर तो मिळाला नसता. गुण संख्येचा कमी आणि आपल्या लिहिण्याच्या रीतीचा अधिक. रामानुजनांच्या गणितास जी खोली आहे ती कापरेकरांच्या गणितास नाही, हे त्यांच्या चाहत्यांनीही मान्य करावे. परंतु विहीर खोल नसली तरी तिचे पाणी गोड असू शकते. आणि ज्याच्यापाशी ग्रंथालय नाही, गुरू नाही, फावला वेळही थोडा, अशा मनुष्याने कोणत्या प्रश्नांवर हात घालावा? ज्यास कागद, पेन्सिल आणि चिकाटी एवढेच भांडवल पुरेल, अशा. ते त्यांनी निवडले, आणि हसणाऱ्यांकडे न पाहता त्यांत गढून राहिले.

त्यांच्या इतर शोधांपैकी दोन-तीन तरी येथे सांगितले पाहिजेत. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे २० आणि २५ असे दोन तुकडे करून बेरीज घेतली की पुन्हा ४५. ५५ चा वर्ग ३०२५. ३० आणि २५ मिळून ५५. २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ आणि २०९ मिळून २९७. ७०३ चा वर्ग ४९४२०९. ४९४ आणि २०९ मिळून ७०३. अशा संख्यांस जग कापरेकर संख्या म्हणते. २०२५ हे वर्ष उजाडले तेव्हा गणितप्रेमी लोकांनी ह्याच कारणाने त्याचे कौतुक केले होते.

दुसरी संख्या डेम्लो नावाची. मुंबईपासून सुमारे तीस मैलांवर त्या वेळच्या जी. आय. पी. रेल्वेचे ह्या नावाचे एक स्थानक होते. तेथे कापरेकरांस ह्या संख्यांची कल्पना सुचली, म्हणून त्यांनी स्थानकाचेच नाव त्यांस देऊन टाकले. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. नऊ वेळा १ लिहून वर्ग केला तर १ पासून ९ पर्यंत चढून पुन्हा १ पर्यंत उतरणारी संख्या मिळते. ह्या त्यांच्या अद्भुत डेम्लो संख्या. बुद्धिमत्ता चाचणीत असा प्रश्न आला, तर गुणाकार करीत बसण्याचे कारण नाही.

तिसरी हर्षद संख्या. हर्ष देणारी ती हर्षद, असे मुद्दाम संस्कृत नाव त्यांनी योजिले. जिला तिच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो ती हर्षद. १८ च्या अंकांची बेरीज ९, आणि १८ ला ९ ने भाग जातो. रामानुजनांमुळे प्रसिद्धीस आलेली १७२९ घ्या. अंकांची बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९. त्यातही १९ उलटे केले की ९१. खुद्द ६१७४ सुद्धा हर्षद आहे. अंकांची बेरीज १८, भागाकार ३४३, आणि ३४३ म्हणजे ७ चा घन. कापरेकरांस आकड्यांत काय दिसत असेल ह्याची अंधुक कल्पना अशा उदाहरणांवरून येते.

निवृत्तीनंतरचा काळ सुखाचा गेला नाही. १९६६ साली त्यांच्या पत्नीचे निधन झाले आणि ते एकाकी पडले. निवृत्तिवेतनावर भागेना, तेव्हा उतारवयात पुन्हा गणित व विज्ञान ह्या विषयांच्या शिकवण्या धरणे त्यांस भाग पडले. ज्यांच्या नावाची संख्या जगाच्या गणितात नोंदली जावयाची होती, ते पोटासाठी शिकवण्या करीत होते, हे वाचून मन विषण्ण होते. तरीही आकड्यांचा नाद सुटला नाही. आसपासच्या महाविद्यालयांतून बोलावणे आले म्हणजे ते आपल्या संख्यांविषयी व्याख्याने देत.

पुढे एका परदेशी लेखकाने त्यांस जगापुढे आणले. अमेरिकेतील सायंटिफिक अमेरिकन ह्या मासिकात मार्टिन गार्डनर हे गणिती करमणुकीचे सदर लिहीत असत. त्या सदराचे वाचक देशोदेशी पसरलेले होते. मार्च १९७५ च्या अंकात गार्डनर ह्यांनी कापरेकर व त्यांच्या संख्या ह्यांविषयी लिहिले. तेव्हा कापरेकर सत्तर वर्षांचे होते. सव्वीस वर्षांपूर्वी मद्रासच्या परिषदेत सांगितलेली गोष्ट आता जगाने ऐकली. पुढे गणकयंत्रे आली आणि पाच, सहा व त्याहून अधिक अंकी संख्यांवर तोच प्रयोग होऊ लागला. इटलीचे गणिती उम्बेर्तो झान्निएर ह्यांनी १९८२ साली स्वयंभू संख्यांविषयी असे सिद्ध केले की, आपण कितीही पुढे गेलो तरी त्या विरळ होत होत नाहीशा होत नाहीत. त्यांचा ठरावीक वाटा कायम राहतो. तो दर शंभरांत दहाच्या किंचित खाली भरतो. ज्यास खेळ म्हणून हसण्यात आले होते, त्यावर आता कसलेले गणिती प्रबंध लिहू लागले होते, आणि हे कापरेकरांच्या हयातीत घडले.

एका गोष्टीची मात्र आम्हांस खंत वाटते. देवळालीच्या ह्या मास्तरांनी ज्यांस स्वयंभू म्हटले, त्याच संख्यांचा प्रश्न १९७४ साली कोलंबिया देशातील एका गणितज्ञाने अमेरिकेच्या एका मासिकात मांडला, आणि तेव्हापासून त्यांस कोलंबियन संख्या असे दुसरे नाव पडले. हर्षद संख्यांचेही तसेच. आयव्हन निव्हेन ह्या गणितज्ञांनी १९७७ साली एका व्याख्यानात त्यांचा उल्लेख केला, त्यावरून पाश्चात्त्य पुस्तकांत त्यांस निव्हेन संख्या म्हणतात. ह्यात कोणी मुद्दाम अन्याय केला असे नव्हे. देवळालीत छापलेली चोपडी समुद्रापलीकडे कितीशी पोहोचणार?

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९८६ साली देवळाली येथे निवर्तले. नील स्लोन ह्या गणितज्ञांनी १९६४ पासून जमविण्यास आरंभ केलेला संख्यामालिकांचा एक प्रचंड कोश आहे. त्यात आज साडेतीन लाखांहून अधिक मालिका नोंदलेल्या आहेत. कापरेकर संख्या, स्वयंभू संख्या आणि हर्षद संख्या ह्या तिन्ही मालिका त्या कोशात आहेत, आणि निव्हेन ह्या नावाच्या शेजारी हर्षद हे नावही तेथे आहे.